लंबरवाल्यांची आगबोट

तमाम सज्जनांस, आणि विशेषेकरून ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आणि कानाला मशीन लावणारा म्हातारा एकाच वेळी आहे अशांस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, मुंबईच्या समुद्रापासून आठशे किलोमीटर दूर, नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीत, गेल्या हिवाळ्यात एक आगबोट रुतून बसली होती. बोट लाकडाची होती. तिच्या पोटात वाफेचं इंजिन होतं आणि पाठीवर माणसाच्या डोक्याच्या वर जाईल एवढा फळ्यांचा ढीग होता. ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघाली आणि फोनच्या स्पीकरमधून थेट आमच्या दिवाणाला येऊन धडकली. जीवितहानी झाली नाही. लग्नहानी मात्र होता होता राहिली. प्रस्तुत निवेदन ही त्या अपघाताची अधिकृत नोंद समजावी. यापूर्वी मी नातेवाइकांत सांगितलेल्या सर्व आवृत्त्या रद्द करण्यात येत आहेत.

झालं. गंभीरपणा मला याहून जास्त वेळ झेपत नाही.

आमच्या घरात तीन माणसं. एक मी. कळमेश्वरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, उरलेल्या वेळात हौशी नाटकांत काम करतो. आजवर राजे, न्यायाधीश आणि एकदा वडाचं झाड केलं आहे. लग्न केलं नाही; ती गोष्ट वेगळी, तिच्यात आगबोट नाही. दुसरी माझी मोठी बहीण, ताई. तिचा नवरा फार लवकर गेला आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन ती माहेरी परत आली. तिसरे आमचे वडील. त्यांना आम्ही बाबूजी म्हणतो. आम्ही मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरचे. पण बाबूजी मागावर बसले नाहीत. ते मागाला लागणारे धोटे बनवत. दोन्ही टोकांना निमुळता, पोटात सूत घेऊन उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे पळणारा तो लाकडाचा तुकडा म्हणजे धोटा. माग बंद पडत गेले तशी धोट्यांची मागणीही आटली आणि मग बाबूजी नागपुरात आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, लागले. आयुष्यभर लाकूड. आता वय पंच्याऐंशीच्या पुढे, कानात मशीन, पण खुर्चीवर बसण्याआधी अजून ती उलटी करून तिचे सांधे बघतात.

चौथी माझी भाची. ती सहा वर्षांपासून तिकडे अमेरिकेत असते. तिला बाबूजींनी वाढवलं. सायकल त्यांनी शिकवली, पाढे त्यांनी घोकून घेतले, तिच्या शाळेच्या पालकसभेला धोतर नेसून तेच जायचे. त्यामुळे तिने जेव्हा सांगितलं की तिकडच्याच एका मुलाशी लग्न करायचं आहे, तेव्हा पुढचं वाक्यही तिने लगेच जोडून दिलं. आबाजी (बाबूजींना ती आबाजी म्हणते) हो म्हणाले तर लग्न, नाही म्हणाले तर नाही. मुलालाही तिने तसंच सांगून ठेवलं होतं. मी तिला एकटीला विचारलं की अगं, तू तीस वर्षांची, स्वतःच्या पायांवर उभी, हे काय जुनं-पुराणं? ती म्हणाली, जुनं नाही मामा, माझं आहे.

तर एका रविवारी सकाळी तिने फोनवर मुलाची माहिती सांगितली. आपल्याकडे सांगतात तशीच, घराण्यापासून. बाबूजी दिवाणावर मांडी घालून, मशीन लावून, सज्ज. मुलगा जुन्या लाकडी बोटी दुरुस्त करतो, हे तिने शेवटी सांगायचं ठरवलं होतं, कारण ते तिला हुकमाचं पान वाटत होतं. आधी तिने पणजोबा काढले.

"आबाजी, त्याचे पणजोबा लंबरच्या धंद्यात होते. बोटीवर. सगळा किनारा त्यायले ओळखत होता. आणि एकटे तेच नाही, पूर्ण खानदान लंबरमध्येच होतं."

बाबूजी म्हणाले, हं.

नंतर त्यांनी कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी खिशात घातली. तिकडे भाची बोटींबद्दल आणखी पाच मिनिटं उत्साहाने बोलत राहिली. बाबूजींनी ते पूर्ण बोलणं बहिऱ्या कानांनी, अत्यंत सभ्यपणे ऐकून घेतलं. फोन बंद झाल्यावर ते एवढंच म्हणाले की हे लग्न होणार नाही. आणि कारण विचारलं की खिशातल्या डबीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघायचे.

तीन आठवडे असे गेले.

आम्ही अंदाज बांधत राहिलो. ताईला वाटलं, पोरगी आता कायमची तिकडची होणार याचं त्यांना वाईट वाटतंय. मला वाटलं, मुलगा गोरा आहे, परका आहे, खाणंपिणं वेगळं, म्हणून. आता, असा विषय असेल तर माझ्यासारख्या माणसाला तो पर्वणीच. मी एक भाषण बसवलं. एका संध्याकाळी बाबूजी गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, तेव्हा मी त्यांना मशीन लावायला लावलं आणि उभं राहून सुरुवात केली. माणूस इथूनतिथून एक आहे. रक्ताचा रंग एक आहे. समुद्र तोडत नाहीत, जोडतात. आवाज जिथे चढवायचा तिथे चढवला, जिथे गहिवरायचं तिथे गहिवरलो. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बाहेर येऊन ऐकायला लागले. बाबूजींनी पूर्ण भाषण होऊ दिलं. मूठभर दाणे वाटीत टाकले. मग म्हणाले,

"मी कवा म्हटलं गा का थो गोरा हाये म्हणून नाही म्हणतो?"

"मंग काहून नाही म्हणता?"

"गोरा असो का काळा असो. लंबरवाल्याच्या घरी माही पोरगी नाही जात."

इथे बाहेरगावच्या वाचकांसाठी थांबणं भाग आहे. आमच्याकडे 'नंबर'ला लंबर म्हणतात. रेशनच्या रांगेत लंबर लागतो, दवाखान्यात लंबर येतो, शाळेत पोरगं पहिल्या लंबरने पास होतं. पण 'लंबरचा धंदा' म्हटलं की अर्थ एकच. सट्टा. सकाळी एक आकडा, संध्याकाळी एक आकडा, आणि मधल्या वेळात माणसाचं घर उन्हात. इंग्रजीत इमारती लाकडालाही लंबरच म्हणतात हे मला स्टोअरच्या कागदांमुळे ठाऊक होतं, म्हणून त्या रविवारी माझे कान टवकारले नाहीत. आणि सहा वर्षं तिकडे राहून माझ्या भाचीच्या तोंडातून 'लाकूड' हा साधा शब्द घसरून गेला होता. बाबूजींच्या डोळ्यांपुढे तेव्हापासून एकच चित्र: टोपी घातलेला एक गोरा सट्टेवाला आगबोटीत बसून बंदरोबंदरी लंबर घेत फिरतोय, आणि सगळा किनारा त्याला ओळखतोय.

मला हसू फुटणारच होतं, पण तेवढ्यात त्यांनी माझ्या धाकट्या काकांचं नाव घेतलं. काका उत्तम विणकर होते. मग त्यांना लंबरचा नाद लागला. गाडीच्या पाटीवरून लंबर काढायचे, स्वप्नातल्या म्हशीच्या शिंगांवरून काढायचे, घरात बाळ जन्मलं तर त्याच्या वजनावरून काढायचे. आधी स्वतः लावायचे, मग इतरांचे लिहून घ्यायला लागले. घरातले माग एकेक करून गेले आणि एका दिवशी काकाही घर सोडून गेले. बाबूजी त्यांना कामठीपासून गोंदियापर्यंत शोधत फिरले. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. त्या दिवसाचं मला फक्त एवढं आठवतं की बाबूजी घरी येऊन चप्पल न काढता बसले होते.

त्यामुळे मी हसलो नाही. निदान त्या क्षणी नाही. मी खाली बसलो आणि म्हणालो की बाबूजी, लंबर म्हणजे लाकूड.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते खोटं पॉलिश मारलेल्या सागाकडे बघतात. "वा. तीन हप्ते लंबर होता, आता लाकूड झालं."

आणि इथे, सज्जनहो, माझ्या आयुष्यभराच्या पापांचा घडा भरला. कारण मी सांगितलेली गोष्ट बाबूजींनी का मानावी? कुहीकडच्या एका धानाच्या शेतातल्या बुजगावण्याला मतदार ओळखपत्र मिळालं, हे मीच त्यांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, आणि त्यांनी ते सकाळच्या फिरायच्या मंडळीत पुढे सांगून स्वतःचं हसं करून घेतलं होतं. ताईने सांगून पाहिलं. म्हणाले, तुले यानंच शिकवलं. भाचीने फोनवर रडकुंडीला येऊन सांगितलं. म्हणाले, तिले बी यानंच शिकवलं. शब्दकोश दाखवला तर म्हणाले, कागदावर काहीही छापते. घरातल्या एकुलत्या एका पोरीचं लग्न, आणि तिच्या वाटेत आडवा पडलेला एकच ओंडका. तो म्हणजे मी.

भाचीने त्याच रात्री मला निरोप पाठवला की पुढच्या रविवारी मुलाकडची मंडळी फोनवर बोलायला येणार आहेत. त्या दिवशी आबाजींचं उत्तर नाहीच असेल तर ती विषय कायमचा संपवणार. मामा, काहीतरी करा. पण खोटं बोलू नका.

म्हणजे मला खरं बोलून कुणालातरी पटवायचं होतं. हे काम मी पूर्वी कधी केलं नव्हतं.

आठवडाभर मी कारखान्यातून येताना बसमध्ये वाचत आलो. भाची फोटो आणि पानंच्या पानं पाठवत होती. आणि रोज संध्याकाळी गॅलरीत बाबूजींपुढे माझी हजेरी लागे. मी सांगायचो, ते सोलायचे. शेंगाही आणि मलाही.

पहिल्या दिवशी सांगितलं की एकोणिसाव्या शतकाच्या उतरणीला त्या किनाऱ्यावर उत्तरेकडे डोंगरच्या डोंगर सरळसोट झाडांनी भरलेले होते, आणि दक्षिणेकडे शहरं वाढत होती तीही लाकडाचीच. मधे धड रस्ता नाही, रेल्वे नाही. म्हणून लाकूड समुद्रानं जाई, शिडाच्या गलबतांतून. पण वारा बहुतेक उत्तरेकडून वाहायचा. माल घेऊन खाली जाणं सोपं, रिकामं वर येणं म्हणजे छातीवर वारा घेऊन रखडणं. म्हणून कुणीतरी शिडाच्या लाकडी गलबतातच वाफेचं इंजिन बसवलं. ते जमलं. मग तशाच बोटी मुद्दाम बांधू लागले, जे लाकूड वाहायचं त्याच लाकडाच्या.

"लाकडाच्या बोटीत भट्टी?" बाबूजींनी शेंग खाली ठेवली.

"हो."

"भट्टीच्या खाली काय टाकत होते?"

मी तोंड उघडलं. सवयीने एक झकास उत्तर जिभेवर आलंही होतं. आणि मी म्हणालो की ते मला माहीत नाही.

ताईने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून मला बरं नाही का, हे पाहून घेतलं. हे तीन शब्द या घराने माझ्या तोंडून पूर्वी ऐकले नव्हते. बाबूजी मात्र शेंगा परत उचलून म्हणाले की सांग, पुढे सांग.

दुसऱ्या दिवशी मी बंदरांवर आलो. बंदर म्हणायचं म्हणून, म्हटलं. उंच कडे, त्यांच्यामध्ये समुद्राची एक खाच. इतकी अरुंद की खलाशी तिला कुत्र्याचं बीळ म्हणत. कुत्रं आत शिरलं तर त्याला वळून बाहेर यायला जेमतेम जागा. धक्का बांधायची सोय नाही. मग बोट खाली लाटांवर नांगर टाकून डुलत उभी राही आणि वरून, कड्यावरून, लाकडाच्या घसरगुंडीवरून फळ्या खाली सोडत. पुढे पुढे कड्यापासून बोटीपर्यंत तार ताणायला लागले आणि फळ्यांचे भारे त्या तारेवरून लोंबकळत खाली येत. खाली खलाशीच ते झेलत, रचत आणि साखळ्यांनी आवळत. हमाल वेगळे नसत. इंजिन, चूल, माणसं हे सगळं बोटीच्या मागच्या टोकाला, म्हणजे पुढचं अंगण लांब फळ्यांना मोकळं. आणि त्याच तारेवरून कधीकधी प्रवासीही खाली सोडत.

"बायामाणसं बी?"

"बायामाणसं बी."

"झूठा."

हे अगदी खरं होतं. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की खऱ्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला नाही तर ते किती लागतं. बुजगावण्याची थाप उघडी पडली तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी धुक्यावर बोललो. त्या किनाऱ्यावर धुकं इतकं दाट की बोटीचं पुढचं टोक दिसायचं नाही. कप्तान वाफेची शिट्टी वाजवून कड्यावरून आवाज परत यायला किती वेळ लागतो ते ऐकत आणि त्यावरून किनारा किती जवळ आला ते ओळखत. बाबूजी मान हलवत राहिले, आडवी. तेव्हा मात्र माझा संयम सुटला आणि मी, कबूल करतो, एक गोष्ट पदरची घातली. म्हटलं, एका कप्तानाने मांजर पाळलं होतं. धुकं आलं की ते ज्या दिशेला तोंड करून बसे त्या दिशेला किनारा.

बाबूजी विचारात पडले. म्हणाले, "हे होऊ शकते. मांजरीले मासोळीचा वास येते."

सबंध आठवड्यात त्यांनी आनंदाने मानलेली ही एकच गोष्ट. मी स्वयंपाकघरात जाऊन ताईला सांगितलं, तर तिला इतकं हसू आलं की तिने ओट्याला धरलं. पण मग पदराने डोळे पुसून ती म्हणाली की रविवार जवळ येऊन राहिला रे.

शुक्रवारी मी त्या बोटींचा शेवट सांगितला. रेल्वे आली, रस्ते आले, ट्रक आले. फळ्या थेट गिरणीतून शहरात जाऊ लागल्या. बोटी एकेक करून बेकार झाल्या. काही खडकांवर फुटून आधीच गेल्या होत्या, काही पुढे चिखलात उभ्या राहून कुजल्या, काही लोखंड काढून घेण्यासाठी मुद्दाम जाळल्या. मी हे सांगताना नाटकी झालो नाही. बाबूजी म्हणाले, "धोटे बी चुलीतच गेले. चांगले जळत होते, तेल प्यालेले राहत ना."

मग मी त्यांना एक राखून ठेवलेली गोष्ट सांगितली. या बोटींना भोक पडून आत पाणी भरलं तरी बरेचदा त्या बुडत नसत. पोटात लाकूड, पाठीवर लाकूड, अंगच लाकूड. पाण्याने गच्च भरून, डेकपर्यंत बुडून, त्या आपल्याच मालावर तरंगत राहत.

बाबूजींनी पहिल्यांदा उभी मान हलवली. "हे खरं असन."

मी टुणकन उठलो. म्हटलं, म्हणजे पटलं?

"बोट पटली," ते म्हणाले. "बोट खरी असन. तिच्यावर कोणता लंबर होता, थे कुठं समजलं?"

रविवारी सकाळी साडेआठला, तिकडे शनिवारची संध्याकाळ असताना, फोन लागला. मी तो दिवाणासमोरच्या टेबलावर पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. ताई काठाचं लुगडं नेसून, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन, पाठीचा कणा सरळ करून बसली होती. तिने या दिवसासाठी दोन इंग्रजी वाक्यं पाठ केली होती आणि ओठांतल्या ओठांत घोकत होती. बाबूजींनी मशीन लावलं, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले की तू बोलायचं नाही. एक शब्द नाही. पोरगीच सांगेल.

पडद्यावर भाची होती, डोळे सुजलेले. तिच्या बाजूला दाढीवाला उंच मुलगा, त्याने भीत भीत नमस्कार केला. आणि दोघांच्या मध्ये, खांद्यावर लोकरीची शाल घेतलेली एक म्हातारी, त्याची आजी. ती नव्वदीला टेकलेली. तिचे वडील म्हणजेच ते सुप्रसिद्ध लंबरवाले पणजोबा. तिच्याही कानात मशीन होतं. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांची मशीनं पाहिली आणि दोघांनीही आपापलं एकदा दाबून घेतलं.

भाचीने ओळख करून द्यायला सुरुवात केली. बाबूजींनी हात वर करून तिला थांबवलं.

"तिले एकच विचार. तुमचा बाप कामावरून घरी आला का त्याच्या बोटायले काय लागलेलं राहे?"

मला प्रश्न कळला नाही. भाचीलाही कळला नाही, पण तिने तो विचारला. आणि तेवढ्यात, ती विचारत असतानाच, मला काकांची बोटं आठवली. निळी. लंबर लिहून घेणारा चिठ्ठीखाली कार्बन घालतो, दिवसभर घालतो. काकांच्या उजव्या हाताची तीन बोटं कायम निळी असायची. वरणभात कालवतानाही निळी. म्हणजे बाबूजी शब्दांवर विश्वास ठेवणारच नव्हते. ना माझ्या, ना शब्दकोशाच्या, ना भाषांतराच्या. ते त्या गोऱ्या पणजोबांची बोटं बघायला बसले होते, आणि ते पणजोबा जाऊनही किती वर्षं झाली होती कोण जाणे.

मी ताईकडे पाहिलं. तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

म्हातारीने स्वतःचा उजवा हात वर केला आणि त्याच्याकडे बघितलं. मग अंगठा आणि बोटं एकमेकांना चिकटवली आणि हळूहळू दूर ओढली, जशी ती सुटत नाहीयेत. पुन्हा चिकटवली, पुन्हा ओढली. आणि तोंड वाकडं करून हसली.

"राळ," बाबूजी म्हणाले. भाचीने तोंड उघडण्याआधी.

मग म्हातारी बोलायला लागली आणि थांबेचना. भाची एकेक वाक्य इकडे देत होती. वडील घरी आले की हात काळे, चिकट, झाडाच्या डिंकाचे. आई त्यांना दाराच्या कडीला हात लावू देत नसे. आम्हाला जवळ घ्यायला धावायचे तर आई ओरडायची, कारण केसांना लागलं की केस कापावे लागत. आधी पायरीवर बसवायची आणि चिंधी देऊन म्हणायची, पूस. साबणाने काही होत नसे. ते फक्त...

इथे भाची अडली. तिला शब्द सापडेना.

"रॉकेल," बाबूजी म्हणाले. "रॉकेलनंच जाते थे. दुसऱ्या कशानं नाही जात."

आणि मग, समोर कोण बसलंय, कुठल्या देशात बसलंय, कळतंय की नाही, याचा काही विचार न करता ते त्या म्हातारीला सांगायला लागले की आरामशीनवर असताना मी संत्र्याच्या पेट्या बनवत होतो. सालईच्या लाकडाच्या. सालईत बी असाच चीक राहते. माही बायको बी घरात घेत नोती. दाराबाहेर रॉकेलची शिशी ठेवे, तिले चिंधीचा बूच. ते स्वतःची बोटं चिकटवून ओढून दाखवत होते. पडद्यावर म्हातारी मान डोलवत आपली बोटं दाखवत होती. बराच वेळ दोघं एकमेकांना नुसती बोटं दाखवत राहिले. मुलगा भाचीकडे बघत होता, भाची माझ्याकडे. आणि मी, ज्याला एक शब्दही बोलायची बंदी होती, जन्मात पहिल्यांदा ती बंदी आनंदाने पाळत होतो.

शेवटी बाबूजींनी हात खाली घेतले, धोतराला पुसले, जसं काही खरंच लागलं होतं. भाचीला म्हणाले, "पोरी, हात चांगला हाये त्या घरचा. तारीख काढा."

भाचीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यामुळे हे वाक्य भाषांतराविनाच राहिलं. मुलगा काय झालं, काय झालं असं विचारत होता. म्हातारीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो. ती काळजीने कॅमेऱ्याच्या जवळ आली आणि पडदाभर नुसतं तिचं कपाळ दिसायला लागलं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी ताईला कोपराने खुणावलं, की आता, ती तुझी दोन वाक्यं.

ताई पुढे सरकली. पदर सावरला, फोनपाशी वाकली, आणि तिची दोन्ही वाक्यं तिला सोडून गेली. त्या कपाळाकडे बघत ती अस्सल उमरेडी आवाजात एका दमात बोलून गेली,

"जेवून घ्या वं बाई, जेवून घ्या, आम्ही तं चार हप्त्यांपासून धड जेवलोच नाही!"